हॉस्टेलवर राहून त्वचेसाठी काय खावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला नीटची तयारी, मेसचं जेवण, गालावर-हनुवटीवर पुटकुळ्या आणि हातपाय कोरडे ठणठणीत. मोबाइलवर जो तो ॲव्होकॅडो, सॅमन, ब्लूबेरी सांगतो. ते इथे मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. मग खाऊ काय? तू माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. मी मूळची परभणीची, नांदेडला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हॉस्टेलच्या मुली माझ्याकडे बऱ्याच येतात, त्यामुळे मेसच्या ताटात काय पडतं ते मला पाठ आहे.

पुटकुळ्या आणि कोरडेपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच यादीने दोन्ही जात नाहीत. आधी पुटकुळ्यांचं बघू.

“तेलकट-तिखट खाल्लं म्हणून उठलं” असं घरोघरी म्हणतात. ठेच्यावर उगाच आळ आहे. तिखटाने किंवा तेलाने पुटकुळ्या येतात याला भक्कम आधार नाही. आधार आहे तो साखर आणि मैद्याच्या विरोधात. रक्तातली साखर झरकन चढली की इन्सुलिन वाढतं, त्याच्या जोडीला आयजीएफ-१ हे संप्रेरकही वाढतं, त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात आणि छिद्रं बुजतात. २००७ साली मेलबर्नच्या संशोधकांनी १५ ते २५ वयाच्या मुलांना १२ आठवडे कमी साखर चढवणारं, जास्त प्रथिनांचं जेवण दिलं, तेव्हा त्यांच्या पुटकुळ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाल्या. त्या मुलांचं वजनही उतरलं होतं, म्हणजे सगळं श्रेय नुसत्या जेवणाला देता येत नाही. तरी दिशा कळते.

आता तुझा दिवस आठव. पहाटे अभ्यासाला बसताना चहा-खारी. नाश्त्याला सुशीला नाहीतर पोहे. दुपारी पांढरा भात, चारला पुन्हा चहा-बिस्किटं, रात्री जागायचं म्हणून नूडल्स. यात तेल फार नाही, पण दिवसभर साखर चढती आहे. सगळं सोडायला सांगत नाही, परीक्षेच्या वर्षात कुणाच्याने ते होत नाही. चहातली साखर अर्ध्यावर आण आणि बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे घे. सुशील्यात मुरमुरे कमी, डाळवं-शेंगदाणे जास्त. भातावर वरण घट्ट घे, मेसचं पातळ वरण म्हणजे पिवळं पाणी असतं, तळातून ढवळून मागायचं. भाकरी मिळत असेल तर पोळीआधी तीच उचल. दुधाचाही पुटकुळ्यांशी संबंध काही पाहण्यांत दिसलाय, साय काढलेल्या दुधाचा जास्त. जिमला जाणारी पोरं व्हे पावडर, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर घेतात, त्यांच्याही पुटकुळ्या वाढलेल्या दिसतात. दही-ताकाबद्दल तसं काही ठोस नाही, ते बिनधास्त खा.

आता कोरडेपणा. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधे चरबीचं लिंपण असतं, ते ओलावा आत धरून ठेवतं. ते तयार करायला लिनोलेइक आम्ल लागतं आणि ते शरीराला बनवता येत नाही, खाऊनच मिळवावं लागतं. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांच्या आहारातली चरबी पूर्ण काढून टाकली, तर उंदरांच्या अंगाला खवले धरले. आपल्या करडईच्या तेलात हेच आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं. तुझ्या आजीच्या काळी घाण्याचं करडीचं तेल घरात असायचं, हिवाळ्यात कोवळ्या करडीची भाजी असायची. मग सोयाबीन आलं आणि काटेरी करडी काढायला माणसं मिळेनाशी झाली. पण यात गळा काढण्यासारखं काही नाही, सोयाबीनच्या तेलातही निम्म्याच्या आसपास लिनोलेइक असतं. चोरटं तेल पामचं. फरसाण आणि बिस्किटं बहुतेक त्यातच बनतात, त्यात हे आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास.

सॅमनच्या जागी जवस घे. त्यातलं ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारी एक चरबी, माशासारखं नसतं आणि शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं. तरीही शाकाहारी ताटात याहून चांगलं काही नाही. गावाहून येताना जवसाची चटणी आण, पण थोडी थोडी. कुटलेला जवस लवकर खवट होतो, महिनाभराचा डबा भरून आणण्यात अर्थ नाही. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते: डिसेंबरात कढत पाण्याने अंघोळ करून, साबण घासून अंग कोरडं पडत असेल तर जवसाने ते थांबणार नाही. कोमट पाणी घे आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लाव.

आता हे वाचून कुणी “आमची भाकरी-चटणीच बरी” म्हणेल, तर तेवढ्यावरही भागत नाही, आणि याचा दाखला दख्खनचाच आहे. मुख्यतः ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा: उन्हात उघड्या राहणाऱ्या गळ्यावर आणि हातांवर काळे, सोललेले चट्टे, सोबत जुलाब. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तो होतो. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं की ज्वारीत ल्युसिन हा प्रथिनाचा एक घटक जास्त असल्याने हे घडत असावं. त्या कारणावर पुढे वाद झाले, पण नुसत्या एका धान्यावर जगणाऱ्याची कातडी बोलते हे खरंच. गंमत म्हणजे शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. म्हणून भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर डाळ असली की पेलाग्राची भीती उरत नाही. ज्वारीचं वाणही सुधारतंय. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे जास्त लोह आणि जस्त असलेलं वाण दिलं.

हिरव्यात मेथी, तांदूळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला यातलं रोज काहीतरी पोटात जावं. हिवाळ्यात घरी गेलीस की आईला घोळाणा करायला सांग. कच्ची मेथी किंवा कांद्याची पात, शेंगदाण्याचं कूट, वरून कच्चं तेल; शिजत नसल्याने क जीवनसत्त्व टिकतं आणि तेलामुळे पानातलं कॅरोटिन अंगी लागतं. क शिवाय शरीराला कोलॅजन नीट विणता येत नाही, आणि त्वचेचा ताठपणा त्या कोलॅजनवरच असतो. त्यासाठी महागडी पावडर नको. एक पेरू खाल्लास तरी दिवसाची गरज भागते, आणि तो लातूरच्या कोणत्याही गाड्यावर मिळतो. आवळा त्याहून वरचढ, पण तुझ्या वयाच्या मुली तोंड वाकडं करतात.

अंडी चालत असतील तर रोज एक खा. शुद्ध शाकाहारी असशील तर बी-१२ तपासून घे. ते फार कमी पडलं की बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो आणि मुली त्यावर लिंबू घासत बसतात. हिमोग्लोबिनही त्याच रक्तात बघून घे. चेहरा निस्तेज आणि पांढुरका दिसतो म्हणून फेशियल करून घेणाऱ्या कितीतरी मुलींना खरं तर लोह कमी असतं. जेवणावर लगेच चहा पिऊ नको, लोह कमी शोषलं जातं. वरणावर लिंबू पिळलंस तर उलट जास्त शोषलं जातं.

एक खूण मात्र आरशात आजच बघ. मानेच्या मागे, काखेत काळी, जाडसर, मखमली पट्टी आहे का? आई “मान नीट घास” म्हणत असेल. तो मळ नसतो, बहुतेक वेळा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. त्यासोबत पाळी पुढेमागे होत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पुटकुळ्यांचं मूळ पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडात असू शकतं. तेव्हा माझ्या यादीआधी डॉक्टर गाठ. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या ओपीडीत जाऊन ये. बाकी आहारात वांग, गजकर्ण, सोरायसिस बरं करण्याची ताकद नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नको. एप्रिल-मेच्या उन्हाने काळवंडलेला चेहराही गाजराने उजळत नाही, त्याला स्कार्फच लागतो.

पाण्याचं विचारलंस. तहान लागेल तेवढं पी, उन्हाळ्यात थोडं जास्त. चार लिटर पिऊन कुणाचा चेहरा तुकतुकीत झालेला मी पाहिला नाही.

आणि मैत्रिणीने सुचवलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोरेपणाची क्रीम लावत असशील, तर तिची ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते आणि पुटकुळ्या दुपटीने येतात. अचानक बंद केली तरी चेहरा भडकतो, म्हणून ती कशी सोडायची हे त्यांनाच विचार. जेवणातल्या बदलाचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातील. तोवर पुटकुळ्या नखाने फोडू नको, डाग राहतात.