दोन्ही अवयव बर्फातच जातात, मग फुफ्फुसांची एवढी घाई का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्यांत किडनी दिवसभरसुद्धा टिकते म्हणतात आणि फुफ्फुसांना मात्र सहा ते आठ तास देतात, असं का? शिवाय सिगारेट ओढणाऱ्याची फुफ्फुसं चालतात का?

मी पुण्यात परफ्युजनिस्ट आहे. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन चालवतो आणि फुफ्फुसं काढायला जाणाऱ्या टीमबरोबरही जातो. तेव्हा हे पिशव्या-नळ्या सांभाळणाऱ्याचं उत्तर आहे, सर्जनचं नव्हे.

बर्फ लागतोच, पण सगळी कसरत असते ती रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर शाबूत ठेवण्यासाठी. फुफ्फुसांत सुमारे ३० कोटी वायुकोश, प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहून पातळ. हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन तयार करून वाहिन्या सैल ठेवतं, गुठळ्या होऊ देत नाही आणि पाणी आतल्या आत धरून ठेवतं. ते दुखावलं की वाहिन्या आवळतात, पांढऱ्या पेशी चिकटतात आणि पाणी वायुकोशांत पाझरतं. नवी किडनी पहिले काही दिवस सुस्त राहिली तर डायलिसिसवर निभावून नेता येतं. फुफ्फुसांना ती सवलत नाही. रक्तवाहिनीवरचा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, सुटला की त्या मिनिटापासून रक्त त्यांच्यातून जायला लागतं. पहिल्या ७२ तासांत ती पाण्याने भरली, तर पेशंटला एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या मशीनवर, घ्यायची वेळ येऊ शकते.

गंमत अशी की ऑक्सिजनच्या बाबतीत फुफ्फुस नशीबवान. रक्त थांबलं तरी वायुकोशांतल्या हवेतून त्याच्या पेशींना ऑक्सिजन मिळत राहतो. म्हणून तर ती अर्धवट फुगवून, श्वासनलिका बंद करूनच नेतात. तरीही अस्तर बिघडतं, कारण त्याला वाहत्या रक्ताच्या घर्षणाची सवय असते. प्रवाह थांबला की ऑक्सिजन असूनही त्या पेशी फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, तयार करायला लागतात. मंडईतली भाजी फ्रीजमध्ये टाकावी तसा हा मामला नाही.

आता ओटीत काय चालतं ते सांगतो. आधी दात्याला रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. मग पल्मनरी आर्टरीत, म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसांत रक्त नेणाऱ्या वाहिनीत, प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे औषध, म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि नंतर सोडायचं जपणुकीचं द्रावण कानाकोपऱ्यात पोहोचतं. त्यानंतर ४ अंशांचं थंड द्रावण, दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिली. पिशवी टेबलाच्या वर साधारण फूटभरच टांगायची. जोर लावून ढकललं तर जे वाचवायचं तेच फाटायचं. इकडे व्हेंटिलेटर चालू असतो, तिकडे गुलाबी फुफ्फुस बघता बघता पांढरं पडत जातं. एखादा कोपरा गुलाबीच राहिला तर तिथे द्रावण पोहोचलं नाही असं समजायचं. मग बाहेरच्या टेबलावर उलट्या बाजूने, म्हणजे फुफ्फुसांतून रक्त हृदयाकडे नेणाऱ्या पल्मनरी व्हेन्समधून, पुन्हा द्रावण सोडतात. पल्मनरी आर्टरीतून उरलंसुरलं रक्त बाहेर येतं, कधी बारीक गुठळ्यासुद्धा. माझ्या मते ही पायरी कधीच घाईत उरकू नये.

द्रावणसुद्धा कुठलंही चालत नाही. पूर्वी किडनीसाठीचीच वापरत. त्यांत पोटॅशियम भरपूर, लिटरमागे ११५ मिलिमोलच्या घरात. एवढ्या पोटॅशियमने फुफ्फुसाच्या वाहिन्या आवळतात. आता बहुतेक ठिकाणी परफाडेक्स वापरतात: पोटॅशियम फक्त ६, आणि पाणी वाहिनीतच धरून ठेवायला डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेचे मोठे रेणू.

मग तीन पिशव्या एकात एक, आणि आइसबॉक्स. विमानाने जायचं असेल तर फुफ्फुसं जास्त फुगवून चालत नाही. वर केबिनमधला हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा प्रसरण पावते. लोहगाव विमानतळापर्यंत ट्रॅफिक पोलिस सिग्नल मोकळे ठेवतात, तेव्हा हे सहा-आठ तास त्यांनाही ठाऊक असतात. रोपणानंतरसुद्धा क्लॅम्प एकदम सोडत नाहीत. पहिली दहाएक मिनिटं रक्त हळूहळू सोडतात.

वेळ वाढवायचे मार्ग निघालेत. शंका असलेलं फुफ्फुस मशीनवर ३७ अंशांत ठेवून, व्हेंटिलेटर लावून, काही तास द्रावण फिरवून पारखता येतं. स्वीडनमधल्या लुंडचे सर्जन स्टीन यांनी हे आधी केलं, टोरोंटोच्या गटाने २०११ साली मोठ्या प्रमाणावर दाखवलं. मशीनवर मी बघेन तो आकडा ऑक्सिजनइतकाच वाहिन्यांच्या रोधाचा. तो चढत गेला तर अस्तर गेलं. टोरोंटोच्याच गटाने बर्फाऐवजी १० अंशांत ठेवलेली फुफ्फुसं जास्त वेळ तग धरतात हेही दाखवलंय. मला हा मार्ग आपल्याकडे जास्त परवडणारा वाटतो, कारण मशीनचा एकेक संच महाग पडतो.

आणखी एक, जे बातम्यांत येत नाही. जपणूक आयसीयूतच सुरू होते. ब्रेन डेथच्या दोन तपासण्यांत किमान सहा तास जातात. त्या काळात किडनीवाल्यांना दात्याला सलाइन दिलेलं हवं असतं आणि फुफ्फुसवाल्यांना नको असतं, कारण त्यांना पाणी साठायची भीती. या ओढाताणीत बऱ्याचदा फुफ्फुसंच हरतात.

सिगारेटचं म्हणाल तर, आदर्श दाता म्हणजे वय ५५च्या आत आणि रोज एक पाकीट धरलं तर २० वर्षांपेक्षा कमी ओढलेलं. पण यात सर्जन सवलत देतात. १०० टक्के ऑक्सिजनवर रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ३०० मिमी पाऱ्याच्या वर आला, एक्स-रे आणि ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेली तपासणी) ठीक निघाली, तर ओढणाऱ्याचीही घेतात.