वाचकांचे प्रश्न : रेल्वेच्या जुन्या वस्तू, आधी कागद मग कपाट

प्रश्न : आम्ही काही जण मिळून वास्को ते कॅसलरॉक या जुन्या मीटरगेज मार्गाचे छोटे संग्रहालय उभे करत आहोत. लोक आपणहून कंदील, टोकनचे गोळे, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) आणून देतात. एकाने रुळाचा तुकडाही आणला आहे. सगळे घ्यावे का? (कुडचडे)

उत्तर : कागदपत्र असेल तरच घ्या. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ नुसार चोरीचा वाजवी संशय येईल अशी रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती रीतसर मिळाल्याचे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. हेतू चांगला होता, एवढ्याने भागत नाही.

रूळ, फिशप्लेट अशा वस्तू भंगाराच्या लिलावातून बाहेर आल्या असतील, तर लिलावाचे कागद आणि गेटपास यांची प्रत देणाऱ्याकडून घ्या. टोकनच्या गोळ्याबाबत जास्त सावध राहा. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकापर्यंत गाडी नेण्याची परवानगी म्हणजे तो गोळा. त्यावर त्या दोन स्थानकांची नावे कोरलेली असतात. अशी सुरक्षेची वस्तू सहजासहजी कुणाला भेट मिळत नाही. कागद नसेल तर नम्रपणे परत करा आणि हवीच असेल तर दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे प्रदर्शनासाठी उसनी मागणारे पत्र द्या.

घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे दानपत्र त्याच दिवशी करा. दात्याचे नाव-पत्ता, वस्तूचे वर्णन, कायमची दिली की उसनी, तारीख आणि दोघांच्या सह्या एवढे पुरे. सोबत एक प्रश्न न चुकता विचारा : ही कुठल्या स्थानकावर, कोणत्या कामाला वापरली जायची? काले स्थानकावरचा कंदील आणि ‘कुठला तरी’ कंदील यांच्या मोलात फार अंतर आहे, आणि ते सांगणारा माणूस समोर बसलेला असतो तो त्याच दिवशी.

प्रत्येक वस्तूला क्रमांक २०२५.१४.३ असा द्या : २०२५ सालची चौदावी भेट, त्यातली तिसरी वस्तू. धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ती पारदर्शक ॲक्रिलिक राळ) चा पातळ थर, तो वाळल्यावर न उडणाऱ्या शाईने क्रमांक, वर पुन्हा एक थर. ॲसिटोनने हे सगळे पुसून काढता येते, वस्तूला धक्का लागत नाही. कागदावर मागच्या बाजूला मऊ पेन्सिल, गणवेशाला सुती फितीवर लिहून दोन टाके. चिकटपट्टी कुठेच नको.

प्रश्न : पितळी हातकंदिलावर ‘एम. अँड एस. एम. आर.’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. तो पोर्तुगीज काळातला समजावा का? आणि चिंचेने घासून लखलखीत केला तर चालेल का? (वास्को)

उत्तर : ही अक्षरे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. गोव्यातला मार्ग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज कंपनीचा असला तरी १९०२ पासून तो सदर्न मराठा रेल्वे चालवत होती, आणि १९०८ मध्ये विलीनीकरणातून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. एप्रिल १९५१ मध्ये तीही दक्षिण रेल्वेत गेली. म्हणजे कंदिलावर मालकीची ही खूण १९०८ ते १९५१ या काळात उमटली. पण तो गोव्यातच वापरला गेला, हे त्यावरून ठरत नाही. ही कंपनी मद्रासपर्यंत पसरलेली होती. गोव्याचा दावा दात्याच्या माहितीवर उभा राहतो. ती नसेल तर पाटीवर फक्त कंपनी आणि काळ लिहा.

चिंच, लिंबू-मीठ, भांडी घासायची पावडर यांतले काहीही लावू नका. आम्लाने पृष्ठभागातले जस्त निघून जाते आणि पितळ तांबूस, ठिपकेदार दिसू लागते. मिठातले क्लोराइड फटींत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच हिरवा कळक उठतो. बाजारातल्या पॉलिशने दरवेळी धातूचा थर झिजतो. कोरलेली अक्षरे बोथट झालेली कितीतरी पितळे संग्रहालयांत दिसतात. काळसर झळाळी ही वापराची खूण आहे, ती राहू द्या. मऊ ब्रशने धूळ काढा, डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर सुती कापडाने पुसा, लगेच कोरडे करा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. टाकीत जुने रॉकेल असेल तर आधी काढून टाका. लाल-हिरव्या काचा सोडवण्याचा आग्रह धरू नका, त्यांना धरणारे पत्रे वाकवले की तुटतात.

प्रश्न : आमचे दालन जुन्या गोदामात आहे. पावसाळ्यात सगळ्यावर बुरशी येते. रविवारी पाहुणे आले की एसी लावतो, इतर दिवशी बंद. प्लायवुडच्या कपाटातल्या, मालगाडीच्या वाघिणींना (डब्यांना) लावायच्या शिशाच्या सिलांवर पांढरी पूड आली आहे, ती बुरशीच का? (मडगाव)

उत्तर : ती बुरशी नाही, आणि हातही लावू नका. प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते) यांतून ॲसेटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ सतत बाहेर पडते. बंद कपाटात ती साठते आणि शिसे तिला सर्वांत आधी बळी पडते. पांढरी पूड म्हणजे शिशाचे क्षार, आणि ते विषारी आहेत. हातमोजे आणि मास्क घालून सिले काचेच्या बरणीत किंवा पॉलीप्रॉपिलीनच्या डब्यात हलवा, पूड फुंकू किंवा झाडू नका. कपाट बदलणे शक्य नसेल तर आतल्या सर्व बाजूंना ॲल्युमिनियमचा थर असलेली फिल्म लावा. नुसत्या रंगाचा भरवसा धरू नका. शिसे मात्र त्यात परत नको.

दुसरा मुद्दा एसीचा, आणि आमच्या मते नुकसान इथेच जास्त होते. रविवारी वस्तू गार होतात, संध्याकाळी एसी बंद होतो, बाहेरची दमट हवा आत येते आणि गार पितळावर, काचेवर दव साचते. आठवड्यातून एकदा असे होण्यापेक्षा एसी अजिबात न लावलेला बरा. त्याऐवजी दारे-खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा खेचणारे यंत्र) चोवीस तास चालवा. त्याची बादली भरली की यंत्र थांबते आणि स्वयंसेवक रोज येत नाहीत, म्हणून पाण्याची नळी भिंतीतून थेट बाहेर काढा. आत एक पंखा मंद फिरता ठेवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ५५च्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करा. साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे उपकरण) खोलीत एक आणि प्रत्येक बंद पेटीत एक हवाच.

पेटीसाठी सिलिका जेलचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) जुना हिशेब एका घनमीटरला २० किलो असा आहे. ६० × ४० × २० सेंटिमीटरची पेटी म्हणजे ४८ लिटर, तिला साधारण एक किलो लागेल. वीस ग्रॅमच्या पुड्या टाकून काही होत नाही. पण झाकणाला रबरी पट्टी नसेल तर एक किलोही थोड्या दिवसांत भिजून जाईल, म्हणून आधी फटी बुजवा. जेल नारिंगी रंगाचे घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असते. रंग बदलला की ओव्हनमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या तापमानावर दोन-तीन तास सुकवा. पूर्ण सुकलेले जेल लोखंड-पितळाच्या वस्तूंच्या पेटीत चालते. कागदपत्रांच्या पेटीत मात्र ते आर्द्रता फार खाली ओढते आणि कागद वाकडा होतो.

प्रश्न : पुठ्ठ्याची जुनी तिकिटे लॅमिनेट करून भिंतीवर लावावीत का? (कुळे)

उत्तर : लॅमिनेट नको. उष्णतेने आणि दाबाने पुठ्ठ्यावर उठलेला तारखेचा ठसा सपाट होतो. बाजूने तिरका उजेड टाकला तर शाई उडालेली तारीखही त्या ठशावरून वाचता येते, आणि नेमकी तीच हरवते. तिकीट पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. भिंतीवर रंगीत प्रत लावा, मूळ तिकीट डब्यात राहू द्या. मूळच दाखवायचे असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत आणि वर्षातून तीन महिनेच. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत कधीच निवडू नका. कसर लागलेल्या जुन्या वह्या आल्या तर त्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा, नंतर पिशवी न उघडता एक दिवस बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

प्रश्न : रुळाचा तुकडा कसा मांडावा? (सावर्डे)

उत्तर : ६० पौंडी (यार्डाला ६० पौंड वजनाचा) रूळ मीटरला सुमारे ३० किलो भरतो, म्हणजे ३० सेंटिमीटरचा तुकडाही ९ किलोचा. काचेच्या फळीवर ठेवू नका, जमिनीलगत लाकडी ठोकळ्यांवर बसवा. सैल गंज नायलॉनच्या ब्रशने काढा आणि मेण लावा, रंग नको. रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याचे नाव, वर्ष आणि वजन उठावदार अक्षरांत असते. तो भाग पाहणाऱ्याकडे करा आणि त्यावर तिरका दिवा सोडा.