चेनसॉ वापरणाऱ्यांचे प्रश्न : भुसा पडतोय की पीठ?

पावसाळ्याआधीची छाटणी आणि वादळानंतरची साफसफाई या दोन वेळांना चेनसॉबद्दलचे प्रश्न हमखास येतात. बहुतेकांची तक्रार इंजिनाबद्दल असते, पण दोष बऱ्याचदा चेनच्या धारेत सापडतो. म्हणून तो प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं) मशीन आहे. नवं होतं तेव्हा सरसर कापायचं. आता दाबून धरावं लागतं आणि काप एका बाजूला तिरका जातो. इंजिनाची ताकद गेली का? (आंबा-काजू बागायतदार, दापोली)

कापताना खाली काय पडतंय ते आधी पाहा. धार असलेली चेन लाकडाचे जाडसर, चपटे कपचे उडवते. पिठासारखी भुकटी पडत असेल तर दात बोथट झालेत, इंजिनाला दोष देऊ नका. धारदार चेन स्वतःच लाकडात शिरते, मशीनच्या वजनापलीकडे जोर लावावा लागत नाही. दाबून कापत राहिलात तर बार तापतो, क्लच घसरतो, हात थकतात, आणि थकलेल्या हातातून मशीन निसटतं.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिची जाडी चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या मापावर ठरते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५८ सीसी मशीनवर बहुधा ०.३२५ इंच पिचची चेन असते, तिला ४.८ मिमीची कानस. लहान मशीनवरच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची. पिच बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेला असतो, तो वाचूनच कानस घ्या. दुकानदाराच्या अंदाजावर घेऊ नका.

बार व्हाइसमध्ये किंवा ओंडक्याला पाडलेल्या खाचेत पक्का बसवा आणि चेनचा ब्रेक लावा. कानस दाताच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. मागेपुढे घासली की कानसच बोथट होते. कोन साधारण ३० अंश. बऱ्याच चेनच्या दातावर त्यासाठी रेघ आखलेली असते. कानसेच्या जाडीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात मारा. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला या.

तिरक्या कापाचं कारणही इथेच असतं. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जोर जास्त लागतो, त्या बाजूचे दात वेगळ्या लांबीचे होतात. ज्या बाजूचे दात लांब आणि धारदार, त्या बाजूला काप ओढला जातो. सर्वांत आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. तरीही काप वळत असेल तर बारच्या खोबणीच्या दोन्ही कडा तपासा. एक कड झिजून खाली गेली असेल तर नवी चेनही तिरकीच चालेल.

बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो, दात लाकडात किती खोल शिरणार ते तो ठरवतो. धार लावून लावून दात खाली जातो आणि उंचवटा तसाच राहतो. मग धार असूनही चेन कापत नाही. तीन-चार वेळा धार लावल्यावर गेज (उंची मोजायची पट्टी) ठेवून चपट्या कानसेने तो उतरवा. बहुतेक चेनना दात आणि उंचवट्यात ०.६५ मिमीचा फरक हवा. जोशात जास्त उतरवू नका. चेन अधाशासारखी लाकूड ओरबाडते, मशीन हादरतं आणि उसळी मारण्याचा धोका वाढतो. दाताची लांबी ४ मिमीवर आली की चेन बदला.

आणि जमीन टाळा. आडव्या ओंडक्याचा काप संपताना चेन क्षणभर मातीत किंवा दगडावर गेली, तरी लावलेली धार वाया जाते. ओंडका आरपार न कापता थोडा शिल्लक ठेवा, फिरवा आणि वरून उरलेलं कापा.

प्रश्न : पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? कोणी २० मिलि सांगतं, कोणी ४०. मशीन जूनमध्ये ठेवलं होतं, आता दोरी ओढून खांदा दुखला पण सुरू होत नाही. (शेतकरी, आजरा)

दोन्ही आकडे बरोबर आहेत, ऑइल कोणतं त्यावर ठरतं. डब्यावर जासो एफडी (दर्जाची जपानी खूण) लिहिलेलं चांगलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल असेल आणि मशीनच्या पुस्तिकेत ५०:१ असेल, तर लिटरला २० मिलि. साध्या टू-टी ऑइलला आणि बऱ्याच स्वस्त मशीनना २५:१ लागतं, म्हणजे लिटरला ४० मिलि. पुस्तिका हरवली असेल तर ४० घाला. धूर थोडा जास्त होईल, पिस्टन वाचेल. मोटरसायकलचं फोर-टी इंजिन ऑइल मात्र चालत नाही. नुसतं पेट्रोल भरलं तर वंगणाअभावी काही मिनिटांतच पिस्टन सिलिंडरला चिकटू शकतो. मिश्रण मशीनच्या टाकीत करू नका. वेगळ्या कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग मोजलेलं ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि दर वेळी भरण्याआधी कॅन हलवा.

मशीन सुरू न होण्याचं कारण बहुधा जूनमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि कोकण-घाटमाथ्याच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाला बसतं. कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो, पाइप चिरतात. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपेल इतकंच करा.

आता टाकी पूर्ण रिकामी करा. आकड्याच्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर काढा, काळा-चिकट असेल तर बदला. एअर फिल्टर धुवून पूर्ण वाळवा. प्लग काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय : स्विच बंद, चोक न लावता, प्लग बाहेर ठेवून सात-आठ वेळा दोरी ओढा, प्लग पुसून ०.५ मिमी गॅप ठेवून बसवा. कोरडाच असेल तर पेट्रोल वर येत नाही. मग फिल्टर आणि पाइप पाहून कार्बोरेटरचं किट बदलावं लागेल.

दोरी कशी ओढता तेही पाहा. एका हातात मशीन लोंबकळत ठेवून दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची पद्धत गावोगाव दिसते. ती सोडा. मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजव्या पायाचा पंजा मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. पेट्रोल जिथे भरलं तिथून किमान तीन मीटर दूर जाऊन सुरू करा, आणि गरम इंजिनावर पेट्रोल भरू नका.

प्रश्न : बारमधून धूर येतो. चेनसाठी गाडीचं काढलेलं जुनं ऑइल वापरतो, त्यामुळे असेल का? (वखारमालक, सांगली)

तेही एक कारण. जळक्या ऑइलमध्ये धातूचा कीस असतो, तो ऑइलपंप आणि बार घासतो. शिवाय ते चेनला धरून राहत नाही, वेगाने उडून जातं, आणि दिवसभर तुमच्या हातांवर, कपड्यांवर बसतं. बार-चेनचं चिकट ऑइल घ्या. ते मिळेपर्यंत नवं, न वापरलेलं एसएई ३० इंजिन ऑइल चालेल.

पण आधी ऑइल पोचतंय का ते पाहा. फिकट बुंध्यावर किंवा पुठ्ठ्यावर बारचं टोक २० सेंटिमीटर अंतरावर धरून अर्ध्या रेसवर मशीन चालवा. मिनिटभरात ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढा, मागच्या बाजूचं बारीक छिद्र तारेने मोकळं करा, खोबणीतला चिकट भुसा खरवडून काढा. मशीन ठीक असेल तर पेट्रोल संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळपास रिकामी होते. पेट्रोल संपलं आणि ऑइल भरलेलंच असेल, तर काहीतरी तुंबलंय. चेन बदलताना बार उलटवून लावा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चेन अति ताणली तरी धूर येतो. बारचे नट सैल करून बारचं टोक वर उचलून धरा आणि ताण द्या. चेन बारच्या खालच्या कडेला टेकली पाहिजे आणि हातमोजा घालून ओढली तर मोकळी सरकली पाहिजे. टोक उचललेलंच ठेवून नट आवळा. काम संपल्यावर ताण कमी करा, तापलेली चेन गार होताना आखडते.

प्रश्न : मजूर शिडीवर चढून एका हाताने मशीन धरून फांद्या कापतो. सांगितलं तर म्हणतो, वीस वर्षं हेच करतोय. (बागमालकीण, वेंगुर्ले)

काम थांबवा. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही अडकला, मग ती मागची फांदी असो की पानांचा झुपका, तर चेनची सगळी ताकद बारला वर आणि मागे फेकते. मशीन चेहऱ्याकडे, मानेकडे येतं, तेही माणूस काही करायच्या आत. त्याला रोखतात ते दोनच : पुढच्या हँडलभोवती अंगठा खालून वळवून धरलेला, जवळजवळ सरळ डावा हात, आणि त्या हाताच्या मनगटाने पुढे ढकलला जाणारा ब्रेक. एका हाताने धरलेल्या मशीनला ही दोन्ही संरक्षणं उरत नाहीत. शिडीवर आणखी एक धोका असतो. फांदीचं वजन सुटलं की उरलेला भाग वर उसळतो आणि टेकवलेली शिडी निसटते.

खांद्याच्या वर चेनसॉ न्यायचं नाही आणि शिडीवर चढवायचं नाही. उंच फांदीला लांब दांड्याची करवत, नाहीतर दोर बांधून चढणारा प्रशिक्षित माणूस. जमिनीवर कापतानाही बारच्या अगदी रेषेत उभं न राहता थोडं डावीकडे सरका.

ब्रेक रोज सकाळी तपासा. मशीन जमिनीवर, पूर्ण रेस, ब्रेक पुढे : चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. हळूहळू थांबत असेल तर ब्रेकच्या पट्ट्याभोवती भुसा साचलाय किंवा पट्टा झिजलाय. बारच्या खाली मशीनला एक छोटा खुंट असतो, तुटलेली चेन तो पकडतो. तो मोडला असेल तर बदलल्याशिवाय मशीन वापरू नका. मजुराला हेल्मेट, जाळी, कानावर मफ आणि चेनसॉसाठीची पँट द्या. त्या पँटमधले लांब धागे चेनमध्ये गुंततात आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दाती चाक, जाम करतात. जीन्सला ते जमत नाही. लुंगी आणि गळ्यातला गमछा घरी राहू द्या.

प्रश्न : रेस सोडली तरी चेन फिरत राहते. (नाशिक)

आयडल, म्हणजे रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, जास्त आहे. टी खुणेचा स्क्रू थोडा सैल करा, चेन थांबून इंजिन संथ चालू राहिलं पाहिजे. त्याने थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे. एच खुणेच्या स्क्रूला मात्र हात लावू नका. तो जास्त आवळला की पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पोचतं, मशीन काही वेळ जोरात पळतं आणि मग पिस्टन जातो.

प्रश्न : वादळात आडवी झालेली झाडं कापताना बार वारंवार अडकतो. ओढून काढला तर वाकला. काय चुकतं? (मुरूड)

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली भागातल्या वाड्यांमध्ये हे काम किती जणांना करावं लागलं ते सर्वांना माहीत आहे. पडलेलं झाड मोकळं नसतं, ते वाकलेलं आणि ताणलेलं असतं. एका बाजूचे तंतू दाबलेले, दुसऱ्या बाजूचे ताणलेले. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्यात दाब वर असतो. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं अधांतरी असेल तर दाब खाली. आधी दाबलेल्या बाजूने सुमारे एक तृतीयांश कापा, मग ताणलेल्या बाजूने काप पूर्ण करा. उलट केलंत तर खोड उभं चिरतं, आणि फक्त दाबाच्या बाजूने कापत गेलात तर बार चिमटला जातो. वाकलेल्या खोडाच्या बाहेरच्या, म्हणजे ज्या बाजूला ते उसळेल त्या बाजूला उभं राहू नका. बार अडकला तर इंजिन बंद करा आणि काप उघडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी पाचर चेनला लागली की दात गेले.

मुळासकट उपटलेल्या झाडाचा धोका वेगळा. खोड कापून वेगळं होताच मुळांचा गड्डा मातीसकट धाडकन मागे बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कोणी नाही हे काप पूर्ण करण्याआधी स्वतः पाहा. दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड खालून कापू नका, आधार देणारं झाडही नको. लांब दोर बांधून दूरवरून ओढा. आणि झाडाखाली वीजतार असेल तर महावितरणने लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत फांदीलाही हात लावायचा नाही.

प्रश्न : माड कापताना चेन इतकी लवकर का बोथट होते? (गोवा)

माडाच्या खोडात सिलिका असते, ती चेनला वाळूसारखी घासते. त्यात तंतू लांब आणि चिवट, ते स्प्रॉकेटच्या झाकणाखाली गुंडाळले जातात. सोबत धार लावलेली दुसरी चेन ठेवा आणि अधूनमधून इंजिन बंद करून, झाकण उघडून तंतू काढा. माड पाडताना पडण्याच्या बाजूची खाच खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी, आणि मागचा काप तिच्यापर्यंत न नेता मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याची पट्टी राखा. हीच पट्टी बिजागरीसारखी झाडाला दिशा देते. माडात ती आंब्या-सागाइतकी भरवशाची नसते, म्हणून दोर आधीच बांधून घ्या. सुटकेच्या वाटा पडण्याच्या दिशेपासून मागे तिरक्या साफ करा, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको.