छंद, नाद आणि हौस : कोणता शब्द कोणाच्या तोंडी?

एका वाचकाने विचारले आहे की, आपल्या आवडीच्या विषयात रस नसलेल्या माणसाशी बोलताना ‘मला अमुक गोष्टीचा छंद आहे’ म्हणावे की ‘नाद आहे’, आणि या दोन शब्दांत खरोखर काही फरक आहे काय. फरक आहे, आणि माझ्या मते तो गोष्टीत नसून बोलणाऱ्यात आहे. जो टपालतिकिटे जमवतो तो स्वतः त्याला छंद म्हणतो. ज्याला त्यातले काही कळत नाही तो त्यालाच नाद, वेड किंवा खूळ म्हणतो. ‘त्याला तिकिटांचा नाद आहे’ असे कोणी म्हटले, की बोलणारा स्वतः त्यातला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच अनोळखी माणसापुढे स्वतःविषयी ‘नाद’ हा शब्द वापरू नये असे मला वाटते, कारण त्याच्या मनात आलाही नसेल असा आक्षेप आपणच त्याच्या हाती देतो. जवळच्या माणसांत मात्र तो शब्द खुशाल वापरावा.

‘छंद’ हा शब्दही पूर्वी आजच्याइतका सोज्ज्वळ नव्हता. संस्कृतात त्याचा एक अर्थ इच्छा किंवा मर्जी असा आहे, आणि ‘स्वच्छंद’मध्ये तोच अर्थ दिसतो, मराठीतल्या ‘छांदिष्ट’ला लहरीपणाचा आणि ‘छंदीफंदी’ला तर सरळसरळ बदनामीचा वास आहे. तुकोबांच्या ‘गोविंद गोविंद । मना लागलिया छंद’ या ओळीत छंद मनाला लागतो, तो कोणी निवडून घेतलेला नसतो. आज आपण छंद ‘जोपासतो’. त्यात चूक काहीच नाही, परंतु ‘लागणे’ या क्रियापदातली ओढ ‘जोपासणे’मध्ये येत नाही, आणि समोरच्याला ती ओढच कळावी असे वाटत असेल तर ‘मला लहानपणीच याचा छंद लागला’ हे वाक्य अधिक खरे वाटते.

‘हौस’ मात्र सांभाळून वापरावी. हौस भागते किंवा फिटते. छंद भागला असे कोणी म्हणत नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या गोष्टीला संकोचाने ‘आपली एक हौस’ म्हटले, तर ऐकणारा ती चार दिवसांची समजतो आणि पुढे विचारत नाही. याच्या उलट टोकाला ‘व्यासंग’ आहे. तो दुसऱ्याने आपल्याविषयी म्हणावा असा शब्द आहे, आणि ‘माझा व्यासंग’ असे स्वतःच म्हणणे मराठी कानाला खटकते.

खरे तर अशा संभाषणात या नामांपैकी एकही न वापरता साधे क्रियापद वापरणे मला सर्वांत चांगले वाटते. ‘मला टपालतिकिटांच्या संग्रहाचा छंद आहे’ यावर ‘वा, छान’ यापलीकडे काही बोलता येत नाही, परंतु ‘मी तिकिटे जमवतो’ म्हटले की ‘कुठली?’ हा प्रश्न आपोआप येतो. पारिभाषिक शब्दांचेही तसेच आहे. संग्राहक आपसांत ‘परफोरेशन चौदा’ म्हणतात, म्हणजे तिकिटाच्या कडेला दर २ सेंटीमीटरमध्ये १४ छिद्रे. नवख्या माणसाला त्यातून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी ‘चित्र तेच, किंमत तीच, पण या तिकिटाचे दाते बारीक आहेत, म्हणून ही छपाई वेगळी असू शकते’ असे सांगून दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली, तर त्याला स्वतःच्या डोळ्यांनी फरक पाहता येतो. १८४० साली निघालेल्या पहिल्या टपालतिकिटाला असे दाते नव्हतेच आणि ती तिकिटे कात्रीने कापून सुटी करावी लागत, हे सांगण्याची घाई तेव्हाच करू नये. ‘दाते कशासाठी असतात?’ असे त्याने विचारले, म्हणजे ते सांगावे.