युद्धबंदी, युद्धविराम, शस्त्रसंधी आणि तह

प्रश्न असा आहे : गाझाविषयीच्या मराठी बातम्यांत ‘युद्धबंदी’, ‘युद्धविराम’, ‘शस्त्रसंधी’ आणि ‘शांतता करार’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. ते समानार्थी मानावेत का?

मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अरब-इस्रायल संघर्षात यांपैकी प्रत्येक शब्दामागे वेगळी वस्तुस्थिती उभी आहे आणि शब्द बदलला की वाचकाची समजूतही चुकते.

आधी ‘युद्धबंदी’ पाहू. दारूबंदी, नाकाबंदी यांसारख्या शब्दांतील ‘बंदी’ स्त्रीलिंगी असून तिचा अर्थ बंद करणे किंवा अडवणे असा आहे. काश्मीरच्या संदर्भात रुळलेली ‘युद्धबंदी रेषा’ याच घडणीची. कैदी या अर्थाचा ‘बंदी’ मात्र पुल्लिंगी आहे, आणि हिंदीत ‘युद्धबंदी’ म्हणजे आपण ज्याला युद्धकैदी म्हणतो तो. ‘युद्धबंदी संपली’ आणि ‘युद्धबंदी सुटले’ या वाक्यांत क्रियापद घोटाळा टाळते. पण ‘युद्धबंदीचा प्रश्न’ असे लिहिले की तो आधार जातो. १९ जानेवारी २०२५ रोजी गाझात लढाई थांबली, तेव्हा त्याच करारात इस्रायली ओलीस आणि पॅलेस्टिनी कैदी यांची सुटकाही होती. अशा बातमीत हा शब्द वाचकाला हमखास अडखळवतो, म्हणून तेथे ‘युद्धविराम’ लिहावे. स्वल्पविरामानंतर वाक्य जसे पुढे चालते, तसे विरामानंतर युद्धही पुढे चालू शकते, ही सूचना या शब्दात आपोआप येते. पहिल्या अरब-इस्रायल युद्धात ११ जून १९४८ रोजी लागू झालेला पहिला विराम चार आठवड्यांचाच होता आणि जुलैत लढाई पुन्हा पेटली.

‘शस्त्रसंधी’ ही पुढची पायरी आहे. कौटिल्याने संधीची व्याख्या ‘पणबन्धः सन्धिः’ अशी केली आहे, म्हणजे अटी घालून बांधलेला करार. नुसते स्वस्थ राहणे त्याच्या लेखी ‘आसन’ होते, संधी नव्हे. १९४९ साली संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांच्या मध्यस्थीने इस्रायलने इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशी जे करार केले, ते या अर्थाने खरे शस्त्रसंधी करार होत. अरबीत त्यांना ‘हुदना’ म्हणतात, ज्याच्या मुळाशी शांत होणे हा अर्थ आहे. हिब्रूत ‘श्वितात नेशेक’ म्हणतात, म्हणजे शस्त्रांनी काम थांबवणे. यातील ‘श्विता’ आणि ज्यूंच्या विश्रांतिवाराचे ‘शब्बाथ’ हे नाव एकाच धातूपासून आले आहे.

विरामाची संधी कशी होते, हे जेरुसलेमच्या नकाशावर अक्षरशः पाहता येते. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या जेरुसलेममधील सेनाधिकाऱ्यांनी आपापल्या फौजांच्या रेषा जाड पेन्सिलींनी आखल्या, एकाने हिरव्या रंगाने आणि दुसऱ्याने लाल. नकाशाचे प्रमाण १:२०,००० होते आणि रेघ तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यामुळे प्रत्यक्ष जमिनीवर रेघेचीच रुंदी साठ ते ऐंशी मीटर झाली आणि त्या रुंदीखाली घरे व गल्ल्या सापडल्या. तात्पुरत्या विरामासाठी आखलेल्या या रेघाच ३ एप्रिल १९४९ च्या कराराने शस्त्रसंधी रेषा ठरल्या आणि १९६७ पर्यंत शहर त्यांवर दुभंगलेले राहिले. तरीही त्या ‘सीमा’ नव्हत्या. इजिप्तबरोबरच्या करारात तर ही रेषा कोणत्याही अर्थाने राजकीय वा प्रादेशिक सीमा समजू नये, असे लिहूनच ठेवले होते. ‘शस्त्रसंधी रेषे’ला मराठीत ‘सीमा’ म्हणणे म्हणूनच मला गंभीर चूक वाटते.

युद्धाची स्थितीच संपवतो तो तह. पुरंदरचा, सालबाईचा, वसईचा असे तह म्हणणाऱ्या आपल्या भाषेने हा नेमका शब्द सोडून सगळीकडे ‘करार’ का लिहावे, हे मला कळत नाही. २६ मार्च १९७९ रोजी वॉशिंग्टनमध्ये इजिप्त आणि इस्रायल यांच्यात झाला तो शांततेचा तह, कारण उभय देशांमधील युद्धस्थिती संपुष्टात येईल असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. २६ ऑक्टोबर १९९४ रोजी जॉर्डनशी झाला तोही तहच. उलट इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांच्यातील १३ सप्टेंबर १९९३ चा ओस्लो दस्तऐवज, ज्याला आपण सहज ‘शांतता करार’ म्हणतो, त्याचे नाव ‘तत्त्वांची घोषणा’ असे होते आणि जेरुसलेम, निर्वासित, सीमा हे कळीचे प्रश्न त्यात पुढच्या वाटाघाटींवर सोपवलेले होते.

अरबीतही हा भेद तीव्र आहे. १ सप्टेंबर १९६७ रोजी सुदानची राजधानी खार्टूम येथे अरब राष्ट्रांनी इस्रायलशी ‘सुलह’ नाही, त्याला मान्यता नाही आणि त्याच्याशी वाटाघाटी नाहीत, असे जाहीर केले. तेथे ‘सलाम’, म्हणजे शांतता, हा शब्द नव्हता. सुलह म्हणजे वैर मिटवून केलेला समेट. त्यामुळे त्या ठरावाचे मराठी भाषांतर करताना ‘शांतता नाही’ यापेक्षा ‘समेट नाही’ हे मूळ शब्दाच्या अधिक जवळ जाते.

शंका उरली तर दस्तऐवज स्वतःला काय म्हणवतो ते पाहावे. ३१ मे १९७४ रोजी सीरिया आणि इस्रायल यांनी गोलन टेकड्यांवर सैन्ये विलग करण्याचा करार केला. त्यात हा शांतता करार नाही, न्याय्य आणि टिकाऊ शांततेकडे जाणारे ते एक पाऊल आहे, असे स्पष्ट नमूद आहे. त्याला मराठीत ‘सैन्यविलगीकरण करार’च म्हणावे.