नवं मॉडेल येतंय म्हणे… थांबू की घेऊ?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत: आवडत्या बाइकचं नवं रूप येणार म्हणतात, मग आता काय करायचं? त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : चाकण भागात काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या स्टिकरमध्ये गुंडाळलेल्या गाड्या चाचणीसाठी फिरताना दिसतात. फोटो काढला तर त्यावरून गाडी आतून नवी आहे की नुसता रंगरूपाचा बदल आहे, हे कसं ओळखायचं? – वाचक, पिंपरी

टाकी आणि हेडलाइट सगळ्यात शेवटी बघा. फसवी आवरणं तिथेच चढवलेली असतात. नजर आधी टाकीच्या खाली न्या. फ्रेमच्या नळ्या, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा), मागचा शॉकअप (धक्के पचवणारी स्प्रिंग) आणि इंजिनची कव्हरं पूर्ण झाकता येत नाहीत, कारण तिथे हवा लागते किंवा काहीतरी हलत असतं.

केटीएम 390 ड्यूकचं उदाहरण घ्या. 2023 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत मागचा शॉकअप मधोमध न राहता एका बाजूला सरकला. एवढं एक लक्षण दिसलं तरी फ्रेम आणि स्विंगआर्म नवे आहेत हे समजायचं, कारण जुन्या फ्रेमवर शॉकअपची जागा अशी बदलता येत नाही. आणि झालंही तसंच. एअरबॉक्सला (एअर फिल्टरच्या डब्याला) जागा मिळाली, सीट 800 मिमीवर आली आणि इंजिन 373 वरून 399 सीसीचं झालं.

रेडिएटर (कूलंट नावाच्या द्रवाने इंजिन गार ठेवतो) आणि ऑइल कूलर (इंजिनचं ऑइल गार करतो) यांत हमखास गल्लत होते. ऑइल कूलर लहान असतो आणि त्याच्या बारीक नळ्या इंजिनच्या खालच्या भागाकडे जातात. रेडिएटर मोठा असतो, त्याचे जाड रबरी होज वर हेडकडे (इंजिनच्या माथ्याकडे) जातात आणि जवळपास कूलंटची छोटी टाकी असते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनला (411 सीसी) ऑइल कूलर होता. नव्या गाडीला रेडिएटर दिसला तेव्हाच इंजिन मुळापासून वेगळं आहे हे उघड झालं. त्याच कंपनीच्या क्लासिक 350 मध्ये खूण आणखी सोपी होती: इंजिनसमोर फ्रेमची एकच नळी खाली यायची, 2021 च्या गाडीत दोन आल्या.

फोटोत वायरी झिप-टायने बांधलेल्या आणि सेन्सर उघडे लटकलेले असतील, तर गाडी यायला अजून बराच अवकाश आहे. इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबरप्लेटची जागा असं सगळं पक्कं बसलेलं असेल तर ती जवळ आली.

कॅलेंडरही बघत जा. 125 सीसीच्या वरच्या सर्व गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम न होऊ देणारी यंत्रणा) 1 एप्रिल 2019 पासून, बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष 1 एप्रिल 2020 पासून, तर ओबीडी-2 चा (धुराशी संबंधित बिघाड गाडीनेच ओळखण्याच्या यंत्रणेचा) पहिला टप्पा 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा झाला. इंजिनाला हात लावावाच लागणार असेल तर कंपन्या बाकीचे बदलही त्याच वेळी उरकतात. याउलट 2024 मध्ये क्लासिकला एलईडी हेडलाइट, टाइप-सी चार्जिंग आणि नवे रंग मिळाले, इंजिन-फ्रेम तीच राहिली. आमच्या मते अशा बदलासाठी सहा महिने बसस्टॉपवर काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझी क्लासिक 350 2017 ची आहे. 80 च्या पुढे हँडल आणि फूटरेस्टला झिणझिण्या येतात, आरशात काही दिसत नाही. नव्या क्लासिकचं बॅलन्सर किंवा सायलेन्सर माझ्या गाडीला बसेल का? – वाचक, सातारा

दोन्ही बसणार नाहीत. तुमचं यूसीई (जुन्या पिढीचं) इंजिन 346 सीसीचं आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी. नव्या क्लासिकचं जे-सिरीज इंजिन 349 सीसीचं, 72 आणि 85.8 मिमीचं. कागदावर ताकद जवळजवळ सारखीच आहे, 19.8 आणि 20.2 बीएचपी. टॉर्क तर 28 वरून 27 न्यूटनमीटरवर उतरला. खरा फरक बॅलन्सर शाफ्टचा आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जाताना जो धक्का बसतो, त्याचा काही भाग क्रँकवरच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरच्या) वजनाने मारला जातो, पूर्ण मारता येत नाही. उरलेल्यासाठी क्रँकच्याच वेगाने उलट दिशेला फिरणारा वजनदार शाफ्ट लागतो. त्याची जागा क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) ओततानाच ठेवलेली असते, नंतर करता येत नाही. सायलेन्सरचं तोंड आणि ब्रॅकेट दोन्ही गाड्यांत वेगळी आहेत. वेल्डिंग करून बसवून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

तुमच्या गाडीचा थरकाप मुळापेक्षा वाढला असेल तर मात्र तो उतरवता येतो. इंजिन गार असताना आधी हेड आणि फ्रेम जोडणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट तपासा, सैल सापडण्याची शक्यता तिथेच जास्त. मग पुढच्या आणि मागच्या इंजिन-माउंटिंगचे. टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. अंदाजाने आवळले की एक बाजू ताणली जाते आणि थरकाप उलट वाढतो. चेन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागत असेल तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदला, नुसती चेन नको. एवढं करून हँडलच्या टोकांना बार-एंड वजनं लावा. झिणझिण्या 80 ऐवजी थोड्या पुढे जातील, नाहीशा होणार नाहीत.

प्रश्न : नवं मॉडेल यायच्या आधी डीलर जुना स्टॉक सवलतीत देतोय. घ्यावा का? – वाचक, नाशिक

घ्या, पण आधी चेसिस नंबर मागा. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं: पी म्हणजे 2023, आर 2024, एस 2025, टी 2026. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं जातं आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. गेल्या वर्षी बनलेली गाडी असेल तर सवलत त्या हिशेबाने मागा. फुकट हेल्मेट आणि सीट कव्हरवर बोळवण करून घेऊ नका.

मग गाडी प्रत्यक्ष बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 3523 म्हणजे 2023 चा पस्तिसावा आठवडा. बॅटरी रात्रभर स्वस्थ ठेवून सकाळी मीटर लावा. 12.6 ते 12.8 व्होल्ट असेल तर उत्तम, 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा मोजायला लावा, 12 च्या खाली गेली असेल तर सरळ नवी मागा. बराच काळ उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट धरतं. ती चार्ज झाल्यासारखी दिसते आणि दोन महिन्यांत दगा देते.

प्रदूषणाचा नियम बदलण्याच्या तोंडावर असेल तर मात्र सावध राहा. बीएस-4 गाड्यांच्या वेळी मुदतीनंतर नोंदणीच बंद झाली होती. अशा वेळी पैसे नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच चुकते करा.

प्रश्न : नव्या मॉडेलची अगदी पहिल्या लॉटची गाडी घेण्यात धोका असतो का? – वाचक, नागपूर

थोडा असतो. नवी क्लासिक 1 सप्टेंबर 2021 ला आली. त्या दिवसापासून 5 डिसेंबरपर्यंत बनलेल्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या 26,300 गाड्या कंपनीने परत बोलावल्या. स्विंगआर्मवर ब्रेकचा जोर झेलणारा एक ब्रॅकेट असतो, फारच जोरात ब्रेक दाबल्यास तो खराब होऊ शकत होता. दुरुस्ती मोफत झाली. मागे डिस्क असलेल्या गाड्यांचा यात संबंध नव्हता.

आमचा सल्ला असा: इंजिन आणि फ्रेम दोन्ही नवी असतील तर तीन-चार महिने जाऊ द्या. इंजिन आधीच दुसऱ्या मॉडेलमध्ये धावत असेल तर तेवढं थांबण्याचं कारण नाही. क्लासिकचं इंजिन त्याच कंपनीच्या मिटिओरमध्ये नोव्हेंबर 2020 पासून होतंच. अडचण निघाली ती इंजिनाबाहेर. गाडी घेतल्यावर चेसिस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल (गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची सूचना) तपासत राहा. पत्ता किंवा मोबाइल बदलला असेल तर निरोप पोहोचतोच असं नाही.

प्रश्न : हिमालयन 411 आहे, विकायची नाही. कोणते पार्ट आत्ताच घेऊन ठेवू? – वाचक, मडगाव

तुमच्याच गोव्यात, वागातोरच्या मोटोव्हर्स या रॉयल एनफिल्डच्या मेळाव्यात नोव्हेंबर 2023 ला नव्या हिमालयन 450 ची किंमत जाहीर झाली आणि 411 ची रजा झाली. तरी घाबरू नका. तेच इंजिन कंपनीच्याच स्क्रॅम 411 मध्ये होतं आणि पुढे बोअर 3 मिमीने वाढवून स्क्रॅम 440 मध्ये गेलं. त्यामुळे इंजिनाचे नेहमीचे पार्ट बाजारातून एकदम गायब होणार नाहीत.

लोक क्लच प्लेट, ब्रेक पॅड, ऑइल सील यांचा साठा करतात. यातल्या झिजणाऱ्या वस्तू बाहेरच्या कंपन्याही बनवतात, आणि रबर कपाटात पडून कडक होतं. आधी मिळेनाशा होतात त्या फक्त तुमच्याच मॉडेलच्या वस्तू: मीटर कन्सोल, वायरिंग हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा), टाकीभोवतीची पुढची चौकट, तुमच्या रंगाची साइड पॅनेल. पैसे तिथे घाला. मीटर आधी, कारण तो उघडून दुरुस्त करणारे फार थोडे आहेत. 450 चे पॅनिअर-स्टँड (बाजूच्या पेट्यांचे स्टँड) किंवा क्रॅशगार्ड 411 ला बसत नाहीत, स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

प्रश्न : बुकिंग केल्यावर किंमत वाढली तर जुन्या किमतीत गाडी मिळते का? – वाचक, सोलापूर

सहसा नाही. बुकिंगच्या फॉर्मवर ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. रक्कम परत मिळण्याची अट पावतीवरच लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला तेव्हा 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 28 ऐवजी 18 टक्के आला आणि त्यावरच्यांवर 40. बुकिंग करून बसलेल्या 349 सीसीच्या गिऱ्हाइकाला याच बारीक अक्षरांमुळे फायदा झाला, 450 वाल्याला फटका बसला.