आय३-१२१०० घेऊ की रायझन ५ ५६००जी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, त्यात प्रोसेसर (मशीनचा मेंदू) इंटेलचा आय३-१२१०० घ्यावा की एएमडीचा रायझन ५ ५६००जी, हे ठरत नाही. घर ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्याला कोडिंग, थोडं ऑटोकॅड आणि ‘थोडंसं गेमिंग’ करायचंय, ग्राफिक्स कार्ड सध्या बजेटमध्ये बसत नाही. दुकानदार म्हणतो रायझन घ्या, सहा कोअर (प्रोसेसरचे काम करणारे हात) आहेत. मुलाचा मित्र म्हणतो इंटेलच घ्या.

माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून लिहायला बसलो. नौपाड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, स्मरणिका, व्हिजिटिंग कार्डं वगैरे. तिथल्या मशीनमध्ये आय३-१२१०० आहे, घरी लेकीच्या मशीनमध्ये ५६००जी. तुम्ही ५६००जी घ्या. फक्त दुकानदार जे कारण सांगतोय, त्यासाठी नको.

आधी कोअरचा घोळ. १२१०० हा जानेवारी २०२२ मध्ये आलेला, ४ कोअर आणि ८ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारी कामं), टर्बोत, म्हणजे जोर लावल्यावर, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. ५६००जी दुकानांत आला २०२१ मध्ये, ६ कोअर, १२ थ्रेड, बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ. कागदावर रायझन सरळ भारी. पण १२१००चा एकेक कोअर जास्त तल्लख आहे. सिनेबेंचसारख्या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत एकाच कोअरवर काम दिलं तर तो साधारण दहा-पंधरा टक्के पुढे असतो, आणि सगळे कोअर जुंपले की ५६००जी पंचवीसेक टक्क्यांनी पुढे जातो.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. पत्रिकेची जुळणी एकच माणूस करतो, त्याच्या खुर्चीमागे आणखी पाच उभे केले तर फक्त गोंधळ वाढतो. छापून आलेल्या हजार पत्रिकांच्या घड्या घालायला मात्र जितके हात तितकं बरं. कोरलड्रॉ, ऑटोकॅडमधलं ड्रॉइंग, एक्सेल ही पहिल्या जातीची कामं, आणि म्हणून दुकानात मला आय३ कधी कमी पडला नाही. मोठा सी++ प्रोजेक्ट कंपाइल करणं, व्हिडिओ एक्स्पोर्ट, एका बाजूला अँड्रॉइड एम्युलेटर आणि दुसरीकडे ब्राउझरच्या चाळीस टॅब, ही घड्या घालण्याची कामं. तुमच्या मुलाची कामं दोन्हीकडची आहेत, म्हणून कोअर मोजून निकाल लागत नाही.

निकाल लावतं ते चित्र. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर जे दिसतं ते प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्समधून येतं. १२१०० मध्ये यूएचडी ७३० आहे, ५६००जी मध्ये सात युनिटांची व्हेगा. गेमसाठी व्हेगाची ताकद ढोबळमानाने दुप्पट धरा. व्हॅलोरंटसारखा हलका गेम त्यावर मजेत चालतो, जीटीए ५ सेटिंग खाली आणून खेळता येतो. यूएचडी ७३० वर पत्रिका सुंदर दिसतात, गेम रडतखडत चालतात.

आता जे दुकानदार सहसा सांगत नाहीत ते. या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधून उसनं घेतं. डीडीआर४-३२०० रॅमची एकच पट्टी लावली तर सेकंदाला २५.६ जीबीचा रस्ता मिळतो, दोन पट्ट्या लावल्या तर ५१.२ चा. म्हणजे १६ जीबीची एक पट्टी लावलेला ५६००जी आणि ८-८ च्या दोन लावलेला ५६००जी गेममध्ये दोन वेगळी मशीनं वाटतात. कोटेशनमध्ये ‘१६ जीबी रॅम’ एवढंच लिहिलं असेल तर ‘८ गुणिले २’ असं लिहून घ्या.

एक प्रश्न मुलाला विचारा, खरं उत्तर येईपर्यंत विचारा: वर्षभरात तू कार्डासाठी माझ्या मागे लागणार आहेस का? कारण उत्तर ‘हो’ असेल तर माझं मत फिरतं. ५६००जी ला पीसीआय एक्सप्रेस (प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता) ३.० च मिळतं आणि एल३ कॅशही (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी) १६ एमबीच. १२१०० ला कॅश त्याहून कमी, १२ एमबी, पण कार्डाचा रस्ता ५.० पर्यंतचा, आणि स्वस्तातल्या एच६१० मदरबोर्डावरही तो ४.० चा मिळतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी स्वस्त कार्डं मुळात चारच लेनवर चालतात. ४.० वर ठीक, ३.० वर तो रस्ता निम्मा होतो आणि गेममध्ये चांगलाच फटका बसतो. कार्ड लावल्यावर चार कोअरचा आय३ बहुतेक गेममध्ये सहा कोअरच्या ५६००जी च्या बरोबरीला येतो, बऱ्याचदा पुढेही जातो.

पुढे नुसता प्रोसेसर बदलू म्हणाल तर दोन्ही सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आता जुने झालेत. एएमडी २०२२ मध्ये एएम५ या नव्या सॉकेटवर गेली, इंटेलनेही २०२४ मध्ये डेस्कटॉपचा सॉकेट बदलला. तरी आय३च्या एलजीए१७०० वर १४व्या पिढीपर्यंत आणि ५६००जीच्या एएम४ वर आठ-सोळा कोअरपर्यंत चढता येतं, बोर्ड तेवढा बरा हवा. वीज आणि उष्णतेत दोघांत सांगण्यासारखा फरक नाही (६० आणि ६५ वॉट, आय३ जोरात असताना ८९ पर्यंत). तुमच्याकडे मेट्रोच्या कामाची धूळ आहे, तर पंखा अधूनमधून साफ करा, बाकी कंपनीचा कूलर पुरतो.

इंटेलकडे वळलात तर नावाच्या शेपटाकडे बघा. मी पहिल्यांदा घेतला तो १२१००एफ. थोडे पैसे वाचले म्हणून खूश होऊन दुकानात आलो, सगळं जोडलं आणि मॉनिटर काळा. दोन तास केबल बदलत बसलो, मॉनिटरला शिव्या घातल्या. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, कार्ड लावल्याशिवाय चित्रच नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेवटी वरचे पैसे भरून साधा १२१०० घेतला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, सकाळी दुकानं उघडता उघडता पोहोचा. भाव फार खाली आला तर तो ‘ट्रे’ पीस आहे का विचारा. त्यात खोका नाही, कूलर नाही, आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. खोक्यातल्या मालावर दोन्ही कंपन्यांची तीन वर्षांची वॉरंटी असते.

मशीन तिथेच जोडून घेत असाल तर पैसे देण्याआधी विंडोजचं टास्क मॅनेजर उघडायला लावा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. तिथे एकच भरलेला दिसला तर काउंटरवरून हलू नका.